अंथरूण आटलं तेव्हा

साबण बनवणाऱ्या कंपनीची तब्येत कशी आहे, हे अंघोळीला बसलेला माणूस कधी विचारत नाही. एक साबण मिळेनासा झाला तर दुकानदार फळीवरचा दुसरा काढून देतो आणि चार दिवसांत हात त्यालाही सरावतो. कॅमेऱ्यात अजून फिल्मचा रोल घालणाऱ्यांच्या गप्पा मात्र वेगळ्या असतात. कुठली लेन्स मिळाली, कुठल्या घाटात धुकं सापडलं हे बोलून झालं की आवाज जरा खाली येतो आणि कुणीतरी विचारतंच, "कंपनीचं कसं चाललंय म्हणे?" गावाकडच्या आजारी काकांची चौकशी करावी, तसा हा प्रश्न असतो.

प्रश्न भाबडा वाटला तरी त्यामागे हिशेब आहे. एका फिल्मचा स्वभाव कळायला वर्षं जातात. सावलीत ती किती तपशील धरते, भर उन्हात कुठे हात टेकते, डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं जास्त राहिली तर कण किती फुगतो, हे सगळं चुका करत शिकावं लागतं. ही शिकलेली विद्या फोटो काढणाऱ्याची पुंजी असते, पण ती ठेवलेली असते परक्याच्या कारखान्यात. कारखाना बंद पडला तर रोल जातो आणि त्याबरोबर हातातली विद्याही जाते.

तेव्हा या प्रश्नाला सरळच भिडू. फिल्म आणि फोटोचा कागद बनवणाऱ्या जुन्या कारखान्याची तब्येत म्हणजे नेमकं काय? ती कशावरून ओळखायची? 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही आपली म्हण पाय पसरणाऱ्याला शहाणपण शिकवते. अंथरूणच रातोरात आटलं तर काय करायचं, यावर ती गप्प आहे. फिल्मच्या धंद्यात तेच झालं. इथे कोण तगलं आणि कोण गेलं याचा निकाल दूरदृष्टीने लावला किंवा ग्राहकांच्या प्रेमाने लावला असं सांगायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. पाय वेळेत आखडता आले का, आणि आखडलेल्या पायांनी झोप लागली का, एवढ्यावरच तो निकाल लागला.

हे पटवायला इंग्लंडमधल्या एका कारखान्यापासून सुरुवात करतो. आल्फ्रेड हार्मन नावाच्या छायाचित्रकाराने १८७९ मध्ये लंडनजवळच्या इल्फर्ड गावात, राहत्या घराच्या तळघरात फोटोच्या कोरड्या काचा बनवायला घेतल्या. पुढे कंपनीने गावाचंच नाव घेतलं. १९४० मध्ये तिने मल्टिग्रेड कागद आणला. एकाच कागदावर फिल्टर बदलून हवा तो कॉन्ट्रास्ट मिळू लागला आणि डार्करूममधली निम्मी खोकी कमी झाली. १९७६ मध्ये एचपी-५ ही फिल्म आली आणि तिचा सुधारलेला अवतार आजही विकला जातो. मालक बदलत गेले, गावंही बदलली. अखेर सगळा कृष्णधवल कारभार चेशायर परगण्यातल्या मॉबरली इथे एकवटला. ऑगस्ट २००४ मध्ये बातमी आली की कंपनीला देणी भागवता येत नाहीत आणि तिचा कारभार बाहेरच्या माणसांच्या हाती सोपवला आहे. जगभरच्या डार्करूममध्ये सुतक पडलं. लोकांनी फ्रीज रिकामे केले, भाजी बाहेर आली आणि रोल आत गेले.

त्या गर्दीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. घाबरून केलेली ही खरेदी कारखान्याला औषध वाटते, पण ती तापातली ग्लानी असते. आज दोन वर्षांचे रोल उचलणारा पुढची दोन वर्षं दुकानात फिरकत नाही. कारखान्याच्या वहीत एक महिना फुगतो आणि पुढचे तेवीस महिने कोरडे जातात. त्यामुळे तब्येत विक्रीच्या आकड्यात शोधणाऱ्याला ती सापडत नाही. ती पाहायची तर कारखान्याच्या आत डोकावावं लागेल.

डोकावून दिसणार काहीच नाही, कारण आत मिट्ट काळोख असतो. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून तिचा क्षार बनवायचा. जिलेटिनच्या कोमट द्रावणात त्याची ब्रोमाइड-आयोडाइडशी गाठ घालून द्यायची. मग चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात, आणि ते ठरलेल्या उष्णतेवर ठरलेला वेळ मुरवावे लागतात. हे झालं इमल्शन. मीटरभराहून रुंद आणि शेकडो मीटर लांब अशा पारदर्शक पट्ट्यावर त्याचा केसापेक्षाही पातळ लेप चढवायचा, थंड करून थिजवायचा, वाळवायचा, मग पट्टा कापून, भोकं पाडून नळकांड्यांत भरायचा. सगळ्या रंगांचा उजेड ओळखणारी फिल्म असल्याने लेप देताना लाल दिवासुद्धा चालत नाही. इथली माणसं भिंतीच्या, पावलांच्या आणि सवयीच्या आधाराने चालतात.

लेप देणाऱ्या या यंत्राचा एक हट्ट असतो. द्रावणाचा दाटपणा, उष्णता आणि पट्ट्याचा वेग यांची मोट एकदा बांधली की त्यातलं एकच काही बदलता येत नाही. मागणी दहा टक्क्यांवर आली म्हणून यंत्र दहा टक्के वेगाने चालवावं म्हटलं, तर लेप एकसारखा बसत नाही. लग्नाच्या मांडवातल्या कढईत दोन माणसांची भाजी करायला गेलं की ती तळाला लागते, तसंच हे. यंत्र चालेल तर पूर्ण चालेल, नाहीतर थांबेल. थांबलं तरी हवा गाळणं, थंडावा आणि ओल राखणं, कामगारांचा पगार यांतलं काही थांबत नाही. एकदम भरपूर फिल्म करून ठेवावी तर ती लोणच्यासारखी मुरत नाही, उलट वयाबरोबर काळवंडत जाते. भरभराटीच्या काळात रुंद आणि वेगवान यंत्र हीच श्रीमंती होती, कारण रोल जितके जास्त निघतील तितका एकेक स्वस्त पडे. अंथरूण आटलं तेव्हा ही रुंदीच फास झाली.

आणि ते कसं आटलं! जगातली फिल्मची मागणी २००० च्या सुमारास शिखरावर होती. पुढच्या दहा वर्षांत ती शिखराच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली गेली. धंदा दहा टक्क्यांनी घटला तर कारखानदार चहापाण्याचा खर्च कमी करतो, तीस टक्क्यांनी घटला तर माणसं कमी करतो. नव्वद टक्क्यांसाठी असा कुठलाच नुस्खा नाही. जर्मनीत आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोर झाली. जपानमध्ये कोनिका मिनोल्टाने २००६ च्या सुरुवातीला कॅमेरे आणि फिल्म दोन्ही सोडत असल्याचं जाहीर केलं. हंगेरीतली फोर्टे पाठोपाठ गेली.

इथे कोडॅकची गोष्ट सांगण्याचा रिवाज आहे. स्टीव्ह सॅसन या कोडॅकच्याच अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, साहेबांनी तो कपाटात टाकला आणि झोपलेल्या कंपनीचं नशीब झोपलं, अशी ही बोधकथा व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते. सॅसनचा कॅमेरा खरा आहे, बोध मात्र अर्धवट आहे. कोडॅक झोपली नव्हती. २००५ मध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त डिजिटल कॅमेरे विकणारी कंपनी कोडॅकच होती. अडचण अशी की डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मसारखी कमाई नव्हती. कॅमेरा एकदा विकला की गिऱ्हाईक गेलं. फिल्मचं गिऱ्हाईक बारशाला येई, सहलीला येई, लग्नाला तर दहा रोल घेऊन येई, आणि तेच रोल धुवायला व कागदावर उतरवून घ्यायला पुन्हा दारात उभं राही. असा धंदा पुन्हा मिळत नसतो. जागी असूनही कोडॅकला तो मिळाला नाही.

तिचं खरं दुखणं आकाराचं होतं. संस्थापक जॉर्ज ईस्टमनचं घराणं काहीच दुसऱ्याच्या भरवशावर ठेवत नसे. १९२० च्या दशकात कोडॅकचे रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड यांनी एक चमत्कारिक गोष्ट शोधली. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं. काही घाण्यांचं जिलेटिन फिल्मला तेज करी, काहींचं मंद. कारण शोधत गेल्यावर ते जनावरांच्या चाऱ्यात सापडलं. मोहरीसारख्या वनस्पतींतलं गंधकाचं संयुग अगदी किंचित प्रमाणात जिलेटिनमध्ये उतरत होतं आणि चांदीच्या स्फटिकांना उजेडाची चाहूल लवकर लावून देत होतं. लेपाचा दर्जा गुरांच्या गव्हाणीपासून सुरू होतो हे कळल्यावर कोडॅकने १९३० मध्ये जिलेटिनचा कारखानाच हाती घेतला. टेनेसीत रसायनांचा कारखाना त्याआधीच उभा होता. रोचेस्टर शहरात १९८२ च्या सुमारास साठ हजारांवर माणसं कोडॅकची होती. १९९६ मध्ये विक्री १,६०० कोटी डॉलरच्या घरात पोचली.

चढत्या काळात हे वैभव होतं. उतरत्या काळात त्यातला प्रत्येक कारखाना, प्रत्येक निवृत्तिवेतन, प्रत्येक इमारत हा न आखडता येणारा पाय ठरला. २००७ मध्ये कोडॅकने रोचेस्टरमधल्या आपल्याच इमारती सुरुंग लावून पाडल्या. त्याच वर्षी फ्रान्समधल्या शालों-स्यूर-सोन इथल्या कारखान्याची इमारतही पडली, आणि छायाचित्रणाचा आद्य प्रवर्तक नीसेफोर न्येप्स जन्माला आला ते गाव नेमकं हेच. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिला आपल्या ब्रिटिश निवृत्तांच्या पेन्शन निधीचं २८० कोटी डॉलरचं देणं होतं. ते भागवायला पैसे नव्हते, म्हणून २०१३ मध्ये फिल्म विकण्याचा धंदाच त्या निधीला देऊन टाकला गेला. रोल विकून पेन्शन द्यायची, आणि रोल रोचेस्टरच्याच कारखान्यातून विकत घ्यायचे. थकलेल्या पगारापोटी वाड्यातली दुकानं गड्याच्याच नावावर करून द्यावीत, तसा हा व्यवहार.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा बातमी आली. कंपनी पुढे चालू राहील का याबद्दल शंका असल्याचा इशारा कोडॅकने स्वतःच आपल्या हिशेबात दिला. आणि या वेळी फिल्मची मागणी वाढत होती. ख्रिस्तोफर नोलन यांच्या 'ओपनहायमर' चित्रपटासाठी कोडॅकने पूर्वी कधीही न बनवलेली ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म बनवून दिली होती, मागणी पुरी करायला रोचेस्टरचं यंत्र मध्यंतरी थांबवून सुधारलं होतं. इशाऱ्यामागचं कारण होतं जवळ आलेली कर्जफेड. पेन्शन निधीतली शिल्लक वापरून ते कर्ज वारण्याचा कंपनीचा बेत होता. म्हणजे एकाच छपराखाली फिल्म धडधाकट आणि फिल्मची कंपनी अंथरुणाला खिळलेली. 'कंपनीचं कसं चाललंय' आणि 'फिल्म मिळत राहील का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याचा याहून ठसठशीत दाखला मिळणार नाही.

याची उलटी बाजू जपानच्या फुजीफिल्ममध्ये दिसते. तिचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांनी कंपनी वाचवली ती फिल्मच्या ज्ञानाला दुसऱ्या कामाला लावून. फिल्मच्या पट्ट्याची कला एलसीडीच्या पडद्यात लागणाऱ्या पातळ पापुद्र्यांत गेली. लेपातल्या जिलेटिनची, म्हणजे कोलॅजेनची, आणि रंग विटू न देण्याची विद्या २००७ मध्ये चेहऱ्याच्या क्रीममध्ये उतरली. ही कंपनी आज ठणठणीत आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र तिच्या फिल्म एकेक करून बंद होत गेल्या. झटपट फोटोचा इन्स्टॅक्स तेवढा जोरात चालतो. घर सोडून परदेशी गेलेला मुलगा सुखात असतो, म्हणून गावच्या घराचं छप्पर गळायचं थांबत नाही.

पाय आखडायची परवानगीच नसलेला कारखाना आपल्याकडे होता. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये निलगिरीत उदगमंडलमला, म्हणजे उटीला स्थापन झाली. थंड हवा, कमी धूळ, मुबलक पाणी आणि वीज ही कारणं रास्त होती. फ्रेंच तंत्रज्ञान घेऊन १९६७ मध्ये उत्पादन सुरू झालं. मालाचं नाव 'इंदू', म्हणजे चंद्र. परदेशी चलनाच्या टंचाईत कोडॅक आणि आग्फाचे रोल दुर्मीळ आणि महाग असायचे, तेव्हा देशभरच्या स्टुडिओंत शाळेच्या वर्गाचा, साखरपुड्याचा, ओळखपत्राचा फोटो इंदूवर निघायचा. गावच्या फोटोग्राफरला तिच्याबद्दल कुरकूर असायची, पण ती हाताशी होती. चांदीच्या स्फटिकांचा लेप देता येणारे देश मोजके होते आणि भारत त्यांत होता, ही साधी बाब नव्हे.

पुढे पॉलिएस्टरच्या पट्ट्यावरच्या एक्स-रे फिल्मसाठी कर्ज काढून मोठा प्रकल्प घेतला गेला. दवाखाने वाढणार, एक्स-रे वाढणार, हा हिशेब चुकीचा नव्हता. पण प्रकल्प रखडला, व्याज चढलं, १९९१ नंतर आयातीचे दरवाजे उघडले आणि परदेशी माल स्वस्त झाला. नव्वदच्या दशकातच कंपनी आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेली. आपल्या कायद्याची भाषाही इथे दवाखान्याचीच आहे: कारखाना 'आजारी' ठरतो. २००३ मध्ये मंडळाने तो गुंडाळण्याची शिफारस केली आणि २०१४ मध्ये सरकारने कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन विषय मिटवला. मधली वर्षं यंत्रं जवळजवळ थंड होती, पगार चालू होते आणि कर्जावरचं व्याज कागदावर वाढत होतं. कारखाना लहान करून कृष्णधवल फिल्मपुरता जगवावा, किंवा कामगारांचं हातचं कसब शाबूत असताना तो कुणा लहान संस्थेच्या हवाली करावा, हा पर्याय गांभीर्याने कुणी घेतला नाही. सरकारी कारखान्याला वाढायचा आदेश देता येतो, जिवंत ठेवायचा आदेशही देता येतो. 'लहान हो' असं सांगणारी फाईल मात्र आपल्या कचेऱ्यांत तयारच होत नाही.

आता मॉबरलीला परतू. २००५ च्या सुरुवातीला त्याच कारखान्यातल्या सहा व्यवस्थापकांनी कृष्णधवल विभाग विकत घेतला आणि मूळ संस्थापकाच्या नावावरून कंपनीचं नाव हार्मन टेक्नॉलॉजी ठेवलं. इल्फर्डचा दुसरा तुकडा स्वित्झर्लंडमधल्या मार्ली इथे होता. तिथे प्रिंटरचे इंकजेट कागद बनायचे, आणि त्या वेळच्या कुठल्याही सल्लागाराने त्यालाच भविष्य म्हटलं असतं. तो मोठ्या मालकाकडे गेला आणि डिसेंबर २०१३ मध्ये दिवाळखोर झाला. मागे राहिलेला 'भूतकाळ' मात्र तगला. त्याने २००७ मध्ये केंटमिअर हे लहान कागदवालं घराणं पोटात घेतलं, मल्टिग्रेड कागदाची नवी पिढी काढली, आणि २०२३ च्या अखेरीस फिनिक्स नावाची रंगीत फिल्म स्वतःच्या यंत्रावर बनवून बाजारात आणली. फिनिक्सचे रंग भडक होते, कण जाड होता, आणि हा प्रयोग आहे हे कंपनीने मोकळेपणाने सांगितलं. मला त्या फिल्मपेक्षा हा मोकळेपणा जास्त आवडला. कोडॅकला कच्चा प्रयोग विकणं परवडलं नसतं, कारण तिच्या यंत्रातून एका फेरीत जो माल निघायचा तो हजारो दुकानांच्या फळ्यांवर जायचा. लहान कारखान्याला चूक परवडते, म्हणून त्याला शिकणंही परवडतं.

या बाजूने मी बोलतो आहे खरा, पण त्याविरुद्ध एक मजबूत आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. 'पाय आखडले' हे शब्द लिहायला सोपे आहेत. आखडलेल्या प्रत्येक पायाखाली कुणाचं तरी घर होतं. मॉबरलीत २००४ मध्ये माणसांच्या नोकऱ्या गेल्या. नव्या कंपनीला जुन्या कर्जाचं ओझं नव्हतं याचा अर्थ जुन्या सावकारांचं आणि पुरवठादारांचं काही बुडालं. म्हणजे आज जी सडपातळ तब्येत दिसते, तिची किंमत दुसऱ्याने आधीच मोजलेली आहे.

आक्षेप खरा आहे, आणि त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. लेप देणारी ती प्रचंड यंत्रं मागच्या पिढ्यांच्या भरभराटीत उभी राहिली आणि त्यांचे पैसे केव्हाच फिटले. आज शून्यातून असा कारखाना उभारायचा तर आजच्या मागणीत त्याचं व्याजसुद्धा सुटणार नाही. आजचा फिल्मधंदा आजोबांनी बांधलेल्या वाड्यात राहतो. भाडं नाही, हवा छान, भिंती दोन फूट जाड. पण तुळई मोडली तर तशी तुळई देणारा वखारवाला उरलेला नाही.

एवढं मान्य करूनही मी मागे फिरत नाही. नुकसान तर सगळीकडेच झालं. मॉबरलीत झालं, रोचेस्टरमध्ये झालं, उटीत झालं. फरक एवढाच की मॉबरलीत नुकसान झाल्यावर काहीतरी मागे उरलं. उटीत कामगारांना सांभाळल्याचं समाधान सरकारला मिळालं, पण त्यांची विद्या पुढे देण्याची सोय कुणी केली नाही. दयेला मुदत असते, त्या मुदतीत हातातली कला दुसऱ्या हातात गेली नाही तर शेवटी दया आणि कला दोन्ही संपतात.

एवढा आटापिटा फिल्मसाठी कशाला, असंही कुणी विचारेल. फोनमध्ये उत्तम कॅमेरा आहे. मान्य. पण या कारखान्यांत साठलेलं ज्ञान फोटोपुरतं कधीच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देबेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी या भौतिकशास्त्रज्ञांनी इल्फर्डच्या काचा हिमालयात उंचावर नेऊन ठेवल्या आणि अंतराळातून येणाऱ्या कणांच्या वाटा त्यांवर टिपल्या. युद्धामुळे अधिक संवेदनशील काचा त्यांना मिळाल्या नाहीत आणि काम अडलं. युद्धानंतर ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांना इल्फर्डनेच नवं, चांदीने दाट असं इमल्शन बनवून दिलं. त्यातून १९४७ मध्ये पायॉन हा कण सापडला आणि १९५० चं नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळालं. बिभा चौधुरी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. इमल्शन मिळालं त्याचं नाव झालं, मिळालं नाही ती व्यक्ती अनेक वर्षं विस्मरणात राहिली. कुठल्या कारखान्यात काय बनतं आणि ते कुणापर्यंत पोचतं, याचं मोल विक्रीच्या वहीत दिसत नाही.

तर मग तब्येत ओळखायची कशी? मी तीन गोष्टी विचारीन. पहिली, यंत्र वर्षातले किती दिवस चालतं, आणि तेवढ्या दिवसांवर घर चालतं का? उत्तर हो असेल तर विक्री लहान असली तरी चिंता नाही. दुसरी, कर्ज कुणाचं आणि फेडायचं केव्हा? कोडॅकला फिल्मच्या मागणीने नाही, कर्जाच्या तारखेने घाम फोडला. तिसरी, कच्चा माल आणि सोबतची साखळी. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेली होती, तेव्हा फिल्मवाल्यांची झोप उडाली. २०२५ मध्ये चांदीने ती पातळी पुन्हा ओलांडली. जिलेटिन बनवणारे आणि पारदर्शक पट्टा बनवणारे मोजके उरले आहेत, आणि रोल धुणारे त्याहून मोजके. कोडाक्रोम ही देखणी फिल्म अशीच गेली. तिला धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी होती, तिने २०१० च्या अखेरीस काम थांबवलं. कोडॅकने बनवलेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना दिला होता. त्याच्या छत्तीस चौकटींपैकी काही त्यांनी मुंबईत हिंदी चित्रपटसृष्टीतल्या माणसांवर आणि राजस्थानात रबारी लोकांवर खर्च केल्या. तो रोल हातात घेऊन ते धुवायला स्वतः पार्सन्सला गेले. फिल्म एकटी मरत नाही, आणि एकटी जगतही नाही.

आज तरुण मुलं पुन्हा रोल घालताहेत हे चांगलंच आहे. मात्र या उत्साहाने कारखानदाराचे पाय पुन्हा पसरू लागले तर माझ्या पोटात गोळा येईल. वाढलेली मागणी पुरवायला कापायचं आणि भरायचं एखादं यंत्र वाढवावं. कर्ज काढून नवा रुंद कारखाना बांधू नये. उटीच्या एक्स-रे प्रकल्पाचा हिशेबही कागदावर बरोबरच होता.

गिऱ्हाइकाचंही काही काम आहे. वाईट बातमी आली की फ्रीज भरायचा आणि चांगली आली की विसरून जायचं, हे कारखान्याला झेपत नाही. अंधारात भिंतीला हात लावत चालणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्यात यंत्र किती दिवस चालणार, हे आज कळलं पाहिजे. त्याला आपल्या प्रेमाचा उपयोग नाही, आपल्या सवयीचा आहे. महिन्याला एक रोल घ्यावा, तो त्याच महिन्यात काढून धुवावा, आणि मग दुसरा घ्यावा. रोलच्या खोक्यावर फिल्मची मुदत छापलेली असते. कारखान्याची मुदत कुठेच छापलेली नसते. ती अशा महिन्या-महिन्यांच्या रोलांनी थोडी थोडी पुढे सरकते.